अंबाडीची जुडी

रेणू शिकायला एडिंबराला गेली, तरी हैदराबादच्या अंबरपेठेतल्या घरची भाजी ॲपवरून तीच मागवायची. आईला ॲप जमत नाही, हे लोकांना सांगायचं कारण. खरं म्हणजे आज घरी काय शिजणार हे कळल्याशिवाय बाईसाहेबांच्या घशाखाली तिथला पाव उतरत नसे.

त्या दिवशी सकाळी तिची नोकरीची मुलाखत झाली होती. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, असं विचारल्यावर या हुशार मुलीने नुसतं खिडकीबाहेर पाहिलं होतं, जणू उत्तर तिकडून चालत येणार होतं. आता ती पांघरुणात शिरून आपल्या भवितव्याची काळजी करत होती, म्हणजे फोनवर अंबाडीची जुडी कुठवर पोचली ते बघत होती. तेवढ्यात तिच्या हैदराबादच्या नंबरवर फोन वाजला.

"मॅडम, किधर हैं आप? गेट पे ठैरा हूँ, नीचे आओ ना!"

"आरी मैं, भैया, दो मिनट!"

कुठे आहात, याचं उत्तर या वेळी तिला झटक्यात आलं. पायात चपला सरकवून ती चार जिने धडाधड उतरली, दार उघडलं आणि थेट बर्फात जाऊन उभी राहिली.

स्वतःच्या अकलेला दंडवत घालून तिने धापा टाकत घरी फोन लावला. "आई, खाली भाजी आलीय गं."

"मग घेऊन ये ना वर," आई स्वयंपाकघरातून ओरडली, "माझे हात पिठाचे आहेत."