सगळ्याच खुर्च्या

टाळ्या संपल्या, माणसं उठली, आणि सभागृहाच्या मागच्या अंगणात पाण्याची नळी सुरू झाली.

शिंपीणबाईंना तो आवाज चांगला ओळखीचा होता. हिपॅटायटिस बी झालेल्यांचा त्यांचा गट दर गुरुवारी इथे जमायचा, आणि गट पांगला की म्हातारा रखवालदार त्यांच्या खुर्च्या फिनेलने धुऊन, पाठीला तारेची खूण बांधून कोपऱ्यात वेगळ्या रचायचा. सभागृहाच्या कमिटीचा तसा हुकूमच होता. म्हणून आज नर्सबाईंनी कमिटीलाच बोलावलं होतं. खुणेच्या तारा सोडवल्या, सगळ्या खुर्च्या एकत्र करून गोल मांडल्या. जो तो मिळेल तिथे बसला. हा आजार रक्तातून पसरतो, शेजारी बसून नाही, एका ताटात जेवून नाही, हातात हात घेऊन तर नाहीच, हे नर्सबाईंनी घास भरवावा तसं समजावून सांगितलं. शेवटी अध्यक्ष उठून बोलले. "ही सगळी आपलीच माणसं आहेत," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्या टाळ्यांची त्यांना लाज वाटली.

आज त्या एकट्या आल्या असत्या तर एक वेळ गिळूनही टाकलं असतं. पण मागच्या गल्लीतली नवी सून त्यांच्यासोबत होती. पोटुशी होती, आणि तपासणीत हाच आजार निघाला होता. घरात कोणाला पत्ता नव्हता. कपड्याचं माप द्यायला जाते, असं सासूला सांगून ती निघाली होती. जन्मल्याबरोबर लस मिळाली तर बाळ बहुतेक सुटतं, नाहीतर आईचं दुखणं त्याच्याही वाट्याला येतं. पण दुखणंच लपवून ठेवलं तर लस मागणार कोण? "चल गं, तिथे तुला बघून कोणी नाक मुरडणार नाही," असं बाईंनी तिच्या मागे लागून लागून सांगितलं होतं. पोर सगळा वेळ दाराजवळ, ओढणी नाकापर्यंत ओढून बसली. कसलासा प्रश्न तिच्या ओठांवर येत होता आणि परत जात होता.

रखवालदाराने हाताला लागल्या तेवढ्या खुर्च्या धुतल्या आणि मग तो अडला.

"साहेब," तो दारातून म्हणाला, "आज सगळ्या मिसळल्यात. त्यांच्या कुठल्या नि आपल्या कुठल्या?"

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला, पण पुरेसा नाही. "सगळ्याच धू. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

पोरीने ते ऐकलं. ती उठली आणि चपला शोधायला लागली.

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. तासभर पालथ्या घड्यावर पाणी ओतलं ते यासाठी! त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली, अंगणात नेऊन नळीच्या पुढ्यात आदळली आणि तिच्यावर बसल्या.

"आधी मला धू," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, कपडे भिजतील."

"भिजू देत. बाटवणारी मी, आणि अंघोळ खुर्चीला होय?"

अध्यक्ष लगबगीने बाहेर आले. "बाई, गैरसमज करून घेऊ नका. फक्त स्वच्छता म्हणून..."

"स्वच्छता? मग तुमची विजारही उतरवून द्या. आमच्याच खुर्च्यांवर टेकली होती ती."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंना हसू आलं नाही.

"आणि अंगातला सदरा? तो कुणाच्या हातचा आहे? मी शिवलेलं अंगाला चालतं, आणि मी बसले ती खुर्ची चालत नाही?"

अध्यक्षांचा हात आपसूक कॉलरकडे गेला आणि तिथेच राहिला.

रखवालदाराला नळी कुठे धरावी ते कळेना. पाणी नुसतंच वाहत होतं, बाईंच्या पायांशी साचत होतं. राग इतका आला होता की रडू येत होतं, आणि या माणसांसमोर रडायचं नाही म्हणून त्या आणखी ताठ बसल्या. दाराकडे बघायची त्यांची छाती होईना. पोर गेली असणार. तिला भरवसा देऊन आपणच तोंडघशी पाडलं. आता ती कुठल्याच दाराशी जायची नाही.

मागे फरशीवर खुर्ची फरफटल्याचा आवाज आला.

पोरीने धुतलेल्यांपैकी एक निथळती खुर्ची ओढत आणली, बाईंच्या शेजारी ठेवली आणि न पुसता तिच्यावर बसली. मग तिने ओढणी मागे सारली. बाईंनीही तिचा चेहरा असा उजेडात पहिल्यांदाच पाहिला.

"नर्सबाई," ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी पार रस्त्यापर्यंत गेला असेल. "माझ्या बाळाला पहिली लस कधी टोचायची?"

नर्सबाई बोलायला पुढे झाल्या, तसा तिने हात वर केला.

"थांबा. आधी ती नळी बंद करा कुणीतरी. मला नीट ऐकायचंय."