टॉर्च नीट धर!

"टॉर्च नीट धर गं!" बाबा खेकसला.

दसऱ्यापासून त्याच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारची चावी फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं.

"स्टार्टर गेलाय, या गाडीचे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारात काढा," मेकॅनिककाकांनी निकाल दिला. बाबाने चक्क मान डोलावली! अठराव्या वाढदिवसाला ती मला मिळणार होती ना!

"काका, हेडलाइट लावून चावी फिरवा," मी म्हटलं.

बॅटरी नवी, तरी दिवे विझले. म्हणजे करंट बॅटरीपाशीच अडत होता. वाकून पाहते तर काय, दसऱ्याला बाबाने वायर काढून बॅटरीची साग्रसंगीत पूजा केली होती आणि हळद-कुंकवाच्या लेपावरच वायर परत चढवली होती!

मी टॉर्च बाबाच्या हातात दिला, लेप खरवडला, वायर आवळली. काकांनी चावी फिरवली. गाडीने अशी डरकाळी फोडली की बाबा दचकून उडाला.

"बाबा, टॉर्च नीट धर रे!"