राजीनामा

बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, त्या वर्षीची गोष्ट. इतवाऱ्यातल्या शाळेत चौथीतली वंदना भर वर्गात "बाई, तहान लागली" असं मराठीत बोलली, म्हणून हेडमास्तरांनी तिच्या कानशिलात भडकावली. वर्गशिक्षिका कोकिळाबाईंनी सगळ्या पोरांसमोर त्यांचा हात धरला. "पोरगी पाणी मागते हो, तुमचं राज्य नाही मागत!"

तंटा वर गेला. हिंदी मुलखातले मोठे साहेब शाळेत आले. दोघांचं ऐकून घेऊन ते बाईंना शांतपणे म्हणाले, "बहनजी, राजीनामा लिख दीजिए. बात यहीं खतम."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लेकराला मारणारा खुर्चीत बसणार आणि नोकरी सोडायची आपण? त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, ‘मी माझ्या नोकरीचा राजीनामा देत आहे,’ आणि कागद हेडमास्तरांच्या टेबलावर आपटला.

साहेब चक्रावले. "नौकरी की बात कहाँ से आई? हमारे यहाँ राजीनामा मतलब सुलह! हेडमास्टरजी माफी लिखते, आप दस्तखत करतीं!"

बाई वरमल्या. कागद परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला.



मराठीतला एकही अर्ज आजवर हातात न धरणाऱ्या हेडमास्तरांनी हा मात्र वाचून काढला होता आणि खाली सहीसकट लिहिलं होतं, ‘मंजूर’.