दिवा विझल्यानंतरचे नऊ सेकंद

पावडर चमकली नाही. पण हे घडलंच नाही असं धरून पुढे वाचावं. संबंधितांचंही तसंच ठरलं आहे.

सकाळी अकराला प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीचे काळे पडदे ओढले गेले. आत तिघं: संशोधिका, तिचे मार्गदर्शक आणि बाहेरून आलेले परीक्षक. परीक्षकांना विद्यार्थी पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. प्रबंध त्यांच्या हाताखालून गेला की निम्मा उरायचा.

तिचा दावा साधा होता. रेणूला लोंबत्या शेपटीऐवजी ताठ कडं जोडलं की रेणू स्फटिकात घट्ट बसतात. रेणू वळवळला तर पोटात घेतलेला उजेड उष्णता होऊन वाया जातो. गप्प बसला तर दिवा विझल्यावर सावकाश परत देतो. हिरवा, नऊ सेकंद. चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

आता मात्र कात्रींचं पत्र आलं होतं: जुन्या बाटलीतला कच्चा माल चालणार नाही. शुद्ध मालापासून पावडर नव्याने करा, मी समोर बघेन. चमकली तर पदवी, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

“माल किती वेळा शुद्ध केलात?” कात्रींनी विचारलं.

“पाच वेळा.”

“पाच?” त्यांनी कपाळ पुसलं. “दोनदा पुरे होतं.”

“मळाचा कणही नको, असं आपणच लिहिलं होतंत, सर.”

“लिहायला काय जातं.”

“हात फार स्वच्छ आहे तिचा,” मार्गदर्शक मध्ये पडले. “इथले चहाचे कपसुद्धा तिला दोनदा विसळावे लागतात.”

“दुर्दैव,” कात्री पुटपुटले.

जांभळा दिवा लागला. कुपीवर दहा सेकंद राहिला. विझला.

एक. दोन. तीन. कुपी होती तिथे नुसता काळोख. पाच. तिने सवयीने नऊपर्यंत मोजलं.

खोलीतले दिवे लागले.

“सर, ती चमक...” ती म्हणाली, आणि मार्गदर्शकांनी तिच्या पायावर पाय दिला.

“नऊ सेकंद,” कात्री म्हणाले. घड्याळ त्यांच्या खिशात होतं. “हिरवा. उत्तम.”

“पण उजेड आलाच नाही, सर. म्हणजे इतकी वर्षं तो रेणू नव्हताच, मालातला मळच...”

“बाई, पदवी हवी की उजेड?”

ती गप्प बसली. कात्रींनी अहवालावर सही केली. मग खिशातून एक लिफाफा काढून तिच्या हातात दिला.

“एवढा पोस्टात टाका. पत्ता तपासून घ्या, हा माल बनवणारा कारखाना दहा वर्षांपूर्वी बंद पडलाय.”

लिफाफा चिकटवलेला नव्हता. तिने बाहेर येऊन वाचलं.

‘महोदय, ताठ रेणूच्या उजेडाचा माझा सुवर्णपदकप्राप्त सिद्धांत गेली बावीस वर्षं आपल्या मालावर उभा आहे. शुद्ध मालावर तो माझ्याकडेही चमकत नाही. तरी आपल्या मालातला तोच मळ, शक्यतो शुद्ध स्वरूपात, दोन किलो, तातडीने पाठवावा, ही विनंती.’