फेब्रुवारीचा प्रयोग

“हा घालून मी येशूला क्रुसावर चढवायला जाऊ का?” लाल तुऱ्याचा टोप सांतानने काउंटरवर आपटला. “आमचं नाटक सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज शिपायांचं आहे. काठ दोन्ही टोकांना वर वळलेला हवा, मधोमध उंच कणा हवा.”

त्याच्या बायकोला, कार्मेलीनला, किती दिवसांनी हायसं वाटलं. केमो सुरू झाल्यापासून तो कशालाच नको म्हणत नव्हता. आज पहिल्यासारखा भांडत होता.

“तसा बनवून घ्यावा लागेल,” नाटकाच्या कपड्यांचा दुकानदार म्हणाला. “नाताळ उजाडेल.”

“उजाडू दे की! प्रयोग फेब्रुवारीत आहे,” ती घाईघाईने म्हणाली. “याच्या डोक्याचं माप घ्या.”

दुकानदाराने टेप काढली.

“नाताळ,” सांतान स्वतःशीच म्हणाला. त्याने डोक्यावरच्या लोकरी टोपीवर हात ठेवला. “माप राहू दे. हाच बांधा.”

“अरे, पण हा रोमन आहे ना?” कार्मेलीन म्हणाली.

“लोकांना कुठे काय कळतंय!”

हेच वाक्य म्हणाले म्हणून त्याने आजवर निम्म्या नटांशी अबोला धरला होता. कार्मेलीनने पिशवी उघडली.