दहा मिनिटं

"अठरा नंबर!"

रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारली तशी ती उठली. अर्धांगाच्या झटक्यात गेलेला उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून पडद्याआड गेली आणि खुर्चीत बसली. फिजिओथेरपिस्ट बेसिनपाशी हात धूत होता. मागे न बघताच नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "या, बसा. काय म्हणतोय हात?"

"तुम्हीच सांगा."

तो गर्रकन वळला. समोर त्याची बायको.

"अगं, तू? इथे कशाला आलीस? घरी सांगायचंस ना!"

"सात महिने सांगतेच आहे. घरी तुम्हाला दहा मिनिटं मिळत नाहीत. इथे वीस देतात म्हणे. फोन करून नंबर लावला."

त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, बाहेर कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. माणूस वाईट नव्हता हो. दिवसभर लोकांच्या आया, लोकांचे बाप यांची बोटं उघडून उघडून घरी पोचेपर्यंत त्याचीच बोटं ठणकायची. "उद्या नक्की," म्हणून आडवा व्हायचा. घरचंच तर आहे, कुठे पळून जातंय! झटक्यानंतर रोज हात ताणून घ्यावा लागतो, पहिले सहा महिने हातचे घालवायचे नसतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या नातेवाइकांवर तर तो असा खेकसायचा की बिचारे खाली मान घालून जायचे.

"शाळेचं पत्र आलंय," ती म्हणाली. "महिनाअखेर रुजू व्हा, नाहीतर जागा भरतो म्हणतायत. मला फळ्यावर लिहिता येईल का, तेवढं सांगा. इतरांना सांगता तसं, खरं."

त्याने स्टूल ओढलं आणि तिचा हात मांडीवर घेतला. मूठ घट्ट मिटलेली होती. आतून ओलसर, आंबूस वास येत होता आणि नखं तळव्यात रुतली होती.

"अगं, नखं किती वाढलीत!"

"आतपर्यंत पोचता येत नाही मला."

मनगट खाली वाकवलं की बोटं थोडी तरी सैल पडतात. त्याने वाकवलं. पडली नाहीत. मग करंगळीच्या बाजूने अंगठा आत सरकवून तो हळूहळू मूठ उघडू लागला. तिने ओठ दाताखाली धरला.

"दुखतंय?"

"दुखू दे. करा तुम्ही."

तो करत राहिला. बोटं तसूभर हलली, तिथेच अडली. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. त्याच्या कपाळावर घाम आला.

"आपण आजपासून रोज बसू. सकाळी मी लवकर उठतो, आणि संध्याकाळी..."

"लिहिता येईल का?"

इतक्या जणांना त्याने हे तोंडावर सांगितलं होतं. आज मात्र तो आधी पुन्हा एकदा बोटं उघडून बघत राहिला.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "या हाताने नाही."

ती रडली नाही. फक्त "बरं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्याला वाटलं, हिने आता बोल बोल बोलावं, शिव्या द्याव्यात.

पडद्याबाहेरून मुलीचा आवाज आला, "सर, वेळ झाली. पुढच्या काकांना पाठवू?"

"हो, पाठव," तो सवयीने म्हणाला आणि उठायला गेला. उठता येईना. अंगठा तिच्या मुठीत होता, आणि मूठ पुन्हा घट्ट मिटली होती.

"सोड ना," तो हळूच म्हणाला.

"मला नाही सोडता येत, अहो," ती म्हणाली. "तुम्हीच सोडवून घ्या."