सेल्व नदीचं जुनं पात्र

एदमों पेल्तिए खटला जिंकला. पण ते राहू द्या. तो जिंकलाबिंकला नाही, असंच धरून पुढे जाऊ.

खटल्याच्या आधी एकदा वालफेरच्या नगरपालिकेत तो हातात टोपी धरून उभा होता. खिडकीमागे जिनेतबाई.

"मी मेल्यावर मला ओदेतशेजारी जागा हवी. रिकामी आहे. मी रोज बघतो."

"अहो पेल्तिए, तुम्ही नदीपलीकडे राहता. पलीकडे म्हणजे मोंत्रू. वालफेरच्या दफनभूमीत वालफेरची माणसं."

"माझी बायको माझ्याच घरात राहायची."

"पण वारली आमच्या दवाखान्यात. गावात मेलं की जागा मिळते."

"मीही दोनदा आलो होतो त्या दवाखान्यात."

"मग?"

"बरं केलं त्यांनी."

जिनेतबाईंनी शिक्का उगाचच इकडचा तिकडे ठेवला. "गावात एखादी खोली घ्या."

"स्वयंपाकघराच्या दारामागे तिचा एप्रन आहे. तो तिने टांगलाय. दुसरीकडे नेला तर मी टांगलेला होईल."

यावर नियम नव्हता.

एदमोंने चाळीस वर्षं कारखान्यात लोखंड ओतलं होतं. भट्टी विझल्यापासून वेळच वेळ होता. त्याने गावाचा इतिहास आणि भूगोल लिहायला घेतला. त्यातला त्याच्या कामाचा भाग एवढाच: सेल्व नदी पूर्वी नागमोडी होती. कोळशाच्या होड्यांना वळणं जमेनात, म्हणून १९११ साली कारखान्याने ती सरळ केली. सरकारी कचेरीने नव्या नदीलाच दोन गावांची सीमा धरलं. एदमोंचे आजोबा वालफेरमध्ये झोपले आणि मोंत्रूत उठले. घर जागचं हललं नव्हतं.

जुनं पात्र शोधणं सोपं होतं. नदी जिथून गेली तिथे विलोची झाडं रांगेत उभी होती. पाणी गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. अशी एक रांग एदमोंच्या घरामागे निघाली. म्हणजे नदी घराच्या मागून वाहायची. म्हणजे घर वालफेरचं. त्याने सीमेचा खटला भरला.

"काय पेल्तिए, सापडली का नदी?" कॅफेतली मंडळी विचारायची.

"सापडली. तुम्ही दारू शोधा."

रोज संध्याकाळी तो लिहिलेली पानं ओदेतला वाचून दाखवी. दफनभूमीच्या त्या कोपऱ्यात विलोंची छान सावली होती. झाडं ओलांडून सहा पावलांवर ती. गवत भर जुलैतही ओलं असे, म्हणून तो वर्तमानपत्राची घडी घालून बसे. "आता थोडंच राहिलंय," तो म्हणे. ती उत्तर देत नसे. पण जिवंतपणीही तिला भूगोल आवडत नव्हता.

तीन वर्षांनी सरकारी मोजणीदार आला. पहिल्या विलोपासून शेवटच्या विलोपर्यंत चालत गेला. मग निकाल लागला: नदीचं जुनं पात्र हीच सीमा.

एदमोंने कॅफेत सगळ्यांना पाजली आणि नवा कोट घालून नगरपालिकेत गेला.

"अभिनंदन, पेल्तिए! आजपासून तुम्ही आमचे." जिनेतबाईंनी नकाशा उलगडला. लाल रेघेवरून त्यांचं बोट सरकत गेलं. त्याच्या घरामागून, नवी नदी ओलांडून, कारखान्याखालून, दफनभूमीत. तिथे थांबलं.

"ओदेतची कबर विलोंच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे. सहा पावलं."

जिनेतबाईंनी बोट रेघेच्या पलीकडे सरकवलं.

"ते आता मोंत्रू," त्या म्हणाल्या.

एदमोंने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि कोरा कागद मागितला. वळणदार अक्षरात त्याने लिहिलं:

"माननीय जिल्हाधिकारी यांस. सन १९११ पूर्वी दफनभूमीतून वाहताना सेल्व नदीने आणखी सात पावलं पलीकडून वाहावं, असा आदेश तिला पूर्वलक्षी प्रभावाने देण्यात यावा, ही नम्र विनंती."